शरदातले कार्यक्रम, विद्यापीठ कर्मचारी आणि नाशिक: यंदाच्या तारखा, तयारी, घोळ (इथेच लिहा)

जावक_क्रमांक

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की परिपत्रकांचा पाऊस पडतो आणि अर्धी परिपत्रकं कार्यक्रम होऊन गेल्यावर वाचली जातात. म्हणून हा धागा. विद्यापीठ कोणतंही असो, गोवर्धनचं मुक्त, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान, शिवनईचं पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र किंवा संलग्न महाविद्यालयाचं कार्यालय, दिवस सगळ्यांचे तेच.

यंदा 2026 ला ज्येष्ठ अधिक आल्याने सगळे सण उशिरा सरकलेत. घटस्थापना रविवार 11 ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिन 15 ऑक्टोबर, गुरुवार. दसरा मंगळवार 20. कोजागरी 25 ऑक्टोबर, आणि तो रविवार. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर, तोही रविवार. बलिप्रतिपदा मंगळवार 10, भाऊबीज बुधवार 11. मधे 31 ऑक्टोबरला एकता दिवस, पुढे 26 नोव्हेंबरला संविधान दिन. शिवाय हिवाळी सत्राच्या परीक्षा याच काळात असतात, म्हणजे परीक्षा विभाग कुठल्याही कार्यक्रमाला दुपारी येणार नाही हे धरूनच चाला. इंद्रधनुष्य, अश्वमेध, आविष्कार या आंतरविद्यापीठीय (अनुक्रमे सांस्कृतिक, क्रीडा आणि संशोधन) महोत्सवांपैकी ज्याचं यजमानपद गळ्यात पडलं असेल त्यांच्या समितीतल्या लोकांनाही वगळा.

परिपत्रकाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, बाकी अनुभवी मंडळी सांगतीलच.

पहिली म्हणजे "कार्यालयीन कामकाजावर परिणाम न होता उपस्थित राहावे" हे वाक्य काढून टाका. त्याचा अर्थ विभागप्रमुख "जाऊ नका" असा लावतात आणि आयोजक "सगळे येतील" असा. त्याऐवजी कुलसचिवांच्या मान्यतेने स्पष्ट लिहून घ्या: "दुपारी 4.00 ते 6.15 या वेळेत प्रत्येक विभागात किमान एक कर्मचारी थांबवून उर्वरितांना उपस्थितीची मुभा देण्यात येत आहे." थांबणारा कोण हे विभाग ठरवेल, पण मुभा कागदावर हवी.

दुसरी गोष्ट फाँटची. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली वर्ड फाइल तशीच गटावर टाकली की मोबाइलवर 'dk;kZy;' छापाची अगम्य चित्रलिपी दिसते. पत्र युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा. आणि तारीख, वार, वेळ, इमारत व मजला मेसेजमध्येच लिहा. जोडलेली फाइल फारच थोडे जण उघडतात.

---

म्हसरूळकर

तारखांसोबत रस्तेही लिहा हो सर.

कोजागरीला सप्तशृंगी गडावर कावडी जातात. गोदावरीचं पाणी घेऊन पायी निघालेली मंडळी दिंडोरी-वणी रस्त्यानेच जातात, आणि म्हसरूळ त्याच रस्त्यावर आहे. कोजागरी रविवारची, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर रस्त्याच्या कडेने चालणारे असतील. अंधारात पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गाडी घालू नका. त्या संध्याकाळी कार्यक्रम लावलात तर घरी सोडणारी बस साडेआठच्या आत काढा.

नवरात्रात मुंबई नाक्याजवळ कालिकेची यात्रा असते. संध्याकाळी त्या बाजूने जाणारी स्टाफ बस अर्धा-पाऊण तास सहज अडकते. दहा दिवसांपुरता मार्ग बदलून घ्या आणि बदललेला थांबा बसमध्येच चिकटवा.

आणि 31 ऑक्टोबर. यंदा त्या दिवशी सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला. पंचवटी आणि त्र्यंबक रस्ता दोन्हीकडे बंदोबस्त असणार. वार शनिवार आहे, पण एकता दौडीसाठी कर्मचाऱ्यांना बोलावणार असाल तर सकाळी 7 ला आवारातच पळवा. शहरातून फेरी काढायचा विचार या वर्षी नको.

---

लेखाशाखा_टेबल४

पैशांचं आणि रजेचं मी सांगते.

सण अग्रिम राज्य शासनाच्या नियमाप्रमाणे अराजपत्रित कर्मचाऱ्याला 12,500 रुपये, बिनव्याजी, 1,250 चे 10 हप्ते पगारातून. अर्ज अडतो तो जवळपास नेहमी एकाच कारणाने: आधीच्या अग्रिमाचा शेवटचा हप्ता अजून कपात व्हायचा असतो. पगारपत्रक उघडून बघा, हप्ता 10/10 दिसतोय का. 9/10 असेल तर उरलेले 1,250 रोखीने भरून पावती अर्जाला जोडता येते का, हे आस्थापनेला आधी विचारा. अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. देयकं पंधरवड्यात तयार होतात. नंतर आलेला अर्ज पुढच्या देयकात जातो, म्हणजे दिवाळी झाल्यावर पैसे.

"यंदा पगार लवकर होणार का" हा प्रश्न विचारू नका. लक्ष्मीपूजन 8 तारखेला आहे, ऑक्टोबरचा पगार तसाही त्याच्या आधी हातात येतो.

सोमवार 9 नोव्हेंबर हा मधला दिवस आहे. रविवारी लक्ष्मीपूजन, मंगळवारी पाडवा. विद्यापीठाच्या सुट्टीच्या यादीत तो नसेल तर एक नैमित्तिक रजा टाकली की शनिवार 7 ते बुधवार 11 सलग मिळतात. वर्षाला नैमित्तिक रजा 8 आणि त्या डिसेंबरअखेर संपतात, साठत नाहीत. हे सगळ्यांनाच माहीत असल्याने 9 तारखेचे अर्ज ढिगाने येतात आणि विभागप्रमुख शेवटच्या दिवशी अर्धे परत करतात. आत्ताच आपसात वाटून घ्या.

आणखी एक, हे फक्त आपल्याकडचं. निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यात निफाड, दिंडोरीकडची मंडळी रजेवर असतात. कार्यक्रमाला "प्रतिसाद कमी" असा शेरा मारण्याआधी रजेचा तक्ता बघा.

---

नवीन_रुजू

कोजागरीच्या दूध समितीत नाव आलंय. यादीत 150 लोक. किती दूध सांगू? गेल्या वेळच्या फाइलमध्ये फक्त "दूध व इतर साहित्य" एवढंच लिहिलंय.

---

कढई_आणि_झारा

"व इतर साहित्य" 😄 फाइलींमधला सगळ्यात महाग शब्द.

हिशेब असा. माणशी 200 मिली म्हणजे 150 जणांना 30 लिटर तयार दूध. आटवताना पाचवा हिस्सा उडतो, म्हणून कच्चं दूध 37 ते 38 लिटर घ्या. निम्मं गायीचं, निम्मं म्हशीचं. नुसतं म्हशीचं घेतलं तर साय जाड धरते आणि ग्लासात गुठळ्या येतात, नुसतं गायीचं पातळ लागतं.

साखर कच्च्या दुधाच्या लिटरला 80 ग्रॅम, म्हणजे 3 किलो. याहून गोड आवडणारे असतात, पण साखर वाढवता येते, काढता येत नाही. मसाला: बदाम 400 ग्रॅम, पिस्ते 250, चारोळी 100, वेलची 40 ग्रॅम, जायफळं 2, केशर 3 ग्रॅम. बदाम-पिस्त्यांचे निम्मे काप आणि निम्मी भरड करा. सगळी पूड केली तर तळाशी बसते आणि शेवटच्या तीस ग्लासांत नुसता चोथा जातो.

पातेलं 60 लिटरचं, जाड बुडाचं. 40 लिटरच्या पातेल्यात 38 लिटर दूध उकळायला ठेवणारे असतात, ते दूध नंतर शेगडीवर सापडतं. पितळी पातेलं आणलं तर कल्हई आहे का बघा. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा, एक पुरतो, पण दुसरा बाजूला भरलेला ठेवा. उकळी यायला अर्धा-पाऊण तास आणि आटायला तासभर, असे दोन तास धरा. म्हणजे सातला वाटप असेल तर पाचला शेगडी पेटलेली हवी.

आता खरं महत्त्वाचं. दूध चार-पाच कॅनमधून येतं. कॅन उघडला की सरळ पातेल्यात ओतायचा नाही. प्रत्येक कॅनमधलं दोन पळ्या दूध वेगळ्या वाटीत उकळून बघायचं. फाटलं तर तो कॅन बाजूला. एक आंबूस कॅन बाकीचे सगळे घेऊन जातो. आणि हे उकळल्यावर कळतं, म्हणजे तेव्हा तुमच्याकडे 38 लिटर पनीर असतं आणि समोर 150 लोक. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी दोनला आलेलं दूध पाचपर्यंत बाहेर राहिलं की हे होतंच. दूध साडेचारला मागवा, आधी नको.

---

नवीन_रुजू

साखर कधी घालायची? आणि खाली लागू नये म्हणून काय?

---

कढई_आणि_झारा

साखर शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली की दूध बुडाला लवकर धरतं. पातेल्यात दूध ओतण्याआधी तळाला थोडं पाणी फिरवून घ्या. सपाट टोकाचं लांब उलथणं घ्या, गोल डाव नको. गोल डावाने बुडाचा मधला भाग फिरतच नाही. दोघांनी पाळीपाळीने ढवळायचं, हात थांबवायचा नाही.

तरीही करपल्याचा वास आला तर ढवळणं लगेच बंद. बूड खरवडायचं नाही. शेगडी बंद करून वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, खालचं चार-पाच लिटर सोडून द्या. खरवडलं की काळे कण आणि वास सगळ्या दुधात जातो, मग कितीही केशर घाला.

केशर अर्धी वाटी कोमट दुधात वीस मिनिटं आधी भिजवा. मसाला साखरेनंतर, जायफळ अगदी शेवटी किसून. मधुमेहींसाठी साखर घालण्याआधी 4-5 लिटर वेगळं काढून त्या भांड्यावर कागद चिकटवा. हे आठवण ठेवून करावं लागतं, नंतर मार्ग नाही.

भेळ ठेवणार असाल तर भेळ आधी, दूध नंतर, आणि लिंबू पिळलेला डाव दुधाच्या टेबलाकडे फिरकता कामा नये.

---

गोदाकाठ

कोजागरी रविवारी आहे मग कार्यक्रम कधी? रविवारी आवारात कोण येणार?

---

जावक_क्रमांक

दोन मतं आहेत. शुक्रवारी 23 ला ठेवला तर चंद्र त्रयोदशीचा, थोडा कमी पण दिसायला भरलेला, आणि संध्याकाळ व्हायच्या आतच उगवलेला असतो. लोक कामावरच असतात, संख्या मिळते. रविवारी खरी पौर्णिमा, चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवेल, पण आवारात राहणारेच येतील. निवासस्थानं असलेल्या आवारात रविवार चालतो, नसतील तिथे शुक्रवार. माझं मत शुक्रवार. म्हसरूळकरांनी वर लिहिलेलं रस्त्याचं मात्र लक्षात घ्या, सातला वाटप आणि साडेआठला बस.

गच्चीवर करणार असाल तर परतीच्या पावसाचा भरवसा नाही, ऑक्टोबर मध्यानंतरही एखादी सर येते. पातेल्यावर पातळ मलमलीचं ओलं फडकं बांधा, चंद्र दिसतो आणि किडे पडत नाहीत. दिव्याखाली पातेलं ठेवू नका. या दिवसांत दिव्याभोवतीची पाखरं फार.

---

सर्व्हररूम

खंडेनवमीच्या पूजेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून घाई. दसरा मंगळवारी, म्हणजे कार्यालयातली यंत्रपूजा सोमवारी 19 लाच होणार.

संगणकावर हळदकुंकू टाकायचं तर पडद्याच्या चौकटीला बोट लावा. सीपीयूच्या जाळीवर नको. पंखा तीच पूड आत ओढतो आणि महिनाभराने "मशीन गरम होतंय" अशी तक्रार येते. फुलं ठेवायची तर कीबोर्डवर न ठेवता बाजूला. पाणी शिंपडणं सर्व्हररूममध्ये पूर्ण बंद, दारावर शिंपडा. कापूर आणि उदबत्ती आत लावली की धूरशोधक वाजतो. यूपीएसच्या बॅटरी जिथे आहेत तिथे तर ज्योत नेऊच नका, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.

वाहनांना झेंडूचा हार घालताना नंबरप्लेट आणि समोरची जाळी झाकू नका, जाळी झाकली की इंजिन तापतं. चाकाखाली लिंबू ठेवणार असाल तर ते चिरडल्यावर फरशी पुसून घ्या, पोर्चची गुळगुळीत फरशी आणि लिंबाचा रस हे वाईट लग्न आहे.

तोरणाचा हिशेब: एक किलोत मध्यम झेंडूची साधारण शंभर फुलं. दाटीने ओवलेल्या एका मीटरला वीस-बावीस लागतात, मधे आंब्याची पानं घातली तर पंधरा. दार 1.2 मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंची लोंबती टोकं धरून अडीच मीटरचं तोरण करा, म्हणजे अर्धा किलो पुरतो. फुलं आदल्या संध्याकाळी आणा, रात्री ओल्या फडक्यात ठेवा. पिशवीत बांधून ठेवलेला झेंडू सकाळी काळा पडतो.

---

पानगळ

आपट्याबद्दल जोडतो. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाच्या फांद्या येतात. आपट्याचं पान लहान, रुंदीला जास्त, जाडसर आणि खरखरीत असतं. कांचनाचं मोठं आणि मऊ. आवारात आपट्याचं झाड असेल तर फांदी तोडू देऊ नका. सोनं वाटायला माणशी एक पान पुरतं, ओरबाडून टोपली भरायची गरज नाही. उद्यान विभागाला सांगितलं तर ते छाटणीच्या फांद्या राखून ठेवतात.

---

ओ_निगेटिव्ह

रक्तदान शिबिर नवरात्रात लावू नका. कृपा करून. दरवर्षी कुणीतरी लावतंच, कारण "गर्दी असते". उपवासाचे लोक रक्तदानाला येतात, आधी चार तासांत पोटभर खाल्लेलं नसतं, आणि खुर्चीवरून उठताना चक्कर येते. रक्तपेढीचा डॉक्टर विचारपूस करून निम्म्यांना परत पाठवतो, ते वेगळंच.

योग्य आठवडा 26 ते 30 ऑक्टोबर. कारण साधं आहे. दिवाळीत दाते गावी जातात आणि रक्ताचा साठा उतरतो. लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, म्हणजे ऑक्टोबरअखेर दिलेलं रक्त ऐन दिवाळीत कामाला येतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यासाठी दिवाळीच्या आठवड्यात वेगळी यादी लागते. ती रक्तपेढीला देऊन ठेवा, फोन करून बोलावतील.

निकष परिपत्रकातच लिहा म्हणजे रांगेत वाद होत नाहीत: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, आधीच्या रक्तदानानंतर पुरुषांना 90 दिवस आणि स्त्रियांना 120 दिवस झालेले. एका खाटेवर तासाला चार दाते धरा. 80 दात्यांची यादी असेल तर पाच खाटा आणि चार तास. सभागृह निवडताना लिफ्ट किंवा तळमजला बघा, पंखे बघा. नंतर बसायला वेगळी जागा, पंधरा मिनिटं बसवायचंच, बिस्किट हातात घेऊन टेबलावर परत जाणाऱ्याला थांबवायला एक कडक माणूस उभा करा.

---

वाचनकट्टा

15 ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस. राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. बहुतेक ठिकाणी होतं काय? पुस्तकांचं टेबल, प्रतिमापूजन, तीन भाषणं, फोटो. वाचन शून्य.

1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या गावात हे शोभत नाही. सोपा पर्याय: ग्रंथालयाने आदल्या दिवशी शंभरेक पुस्तकं निवडून ट्रॉलीवर विभागाविभागांत फिरवायची. सोबत साधी नोंदवही: नाव, विभाग, दाखल क्रमांक, सही, परत तारीख. कर्मचाऱ्यांचं ग्रंथालय कार्ड बहुतेकदा काढलेलंच नसतं, ते मागत बसलात तर ट्रॉली पहिल्या मजल्यावरच अडकेल. पंधरा दिवसांच्या बोलीवर नोंदवहीवर द्या, दिवाळीच्या सुट्टीसाठी हवं असेल तर 16 नोव्हेंबरपर्यंत. दाखल क्रमांक लिहायला मात्र विसरू नका, नुसत्या नावावरून पुस्तक परत मागता येत नाही. एकाच नावाच्या चार प्रती असतात.

पुस्तकं निवडताना जाडजूड चरित्रं कमी, दीडशे पानांच्या आतली जास्त. शेती, आरोग्य, पाककृती, प्रवास, मुलांची पुस्तकं. शिपाई आणि चालक मंडळी मुलांसाठी पुस्तक हमखास नेतात.

---

बांबूची_काडी

आकाशकंदील कार्यशाळेचं लिहितो, पारंपरिक बांबूचा. ही कार्यशाळा दोन तासांत आटपत नाही असं ऐकू येतं. आटपते, पण काड्या आधी कापलेल्या असतील तर.

एका कंदिलाला सारख्या लांबीच्या 24 काड्या लागतात. 9 इंची काडी घेतली तर 18 फूट पट्टी. तीस जण जोडीजोडीने बसले तर 15 कंदील, 360 काड्या. मोडतोड धरून 400 कापून ठेवा. लांबीत पाव इंचाचा फरक पडला तरी सांगाडा तिरका होतो. म्हणून एका काडीवरून दुसरी मापू नका, फळीवर दोन खिळे ठोकून त्या मापात सगळ्या कापा.

जोडणीची युक्ती अशी. आधी 4 काड्यांचा एक असे चार चौकोन दोऱ्याने बांधायचे. 16 काड्या झाल्या. चारही चौकोन कोपऱ्यावर उभे करून शेजारच्यांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधायचे, गोल कडं तयार होतं. मग वरचे चार कोपरे 4 काड्यांनी जोडले की वरचा चौकोन, खालचे चार जोडले की खालचा. 24 काड्या संपल्या, कंदील उभा. प्रत्येक सांध्यावर चार काड्या आल्या पाहिजेत, असे सांधे 12. कुठे तीनच आल्या असतील तर एक काडी चुकीच्या जागी गेलीय, सगळं सोडू नका, तो सांधाच तपासा.

कागद पतंगी. चार चौकोन आणि आठ त्रिकोण, वर-खाली उघडं. त्रिकोण-चौकोन सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठे कापा, ती कड काडीवर दुमडून चिकटवायची. खळ मैद्याची, शिजवून थंड केलेली; गरम लावली की पतंगी कागद विरघळल्यासारखा फाटतो. शेपट्यांच्या झिरमिळ्या शेवटी, खळ वाळल्यावर. आत 5 ते 7 वॅटचा एलईडी, जुना पिवळा बल्ब नको.

---

निवृत्त_पण_हजर

नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. ज्यांचं निवृत्तिवेतन कोषागारातून बँकेत येतं त्यांची यादी बँकेकडे जाते, तिथे जाऊन नावासमोर सही करायची. दिवाळी यंदा 11 पर्यंत, त्यामुळे 12 ते 20 या काळात बँकेत झुंबड असेल. पहिल्या आठवड्यात, म्हणजे 2 ते 6 ला जा.

ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन. दोन ॲप लागतात: आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. पहिल्यांदा ज्याचा मोबाइल आहे त्याचा चेहरा पडताळायचा, तो मुलगा किंवा शेजारी असला तरी चालतं. मग निवृत्ताचा आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) क्रमांक, बँक खातं, मंजुरी देणारं आणि वितरण करणारं कार्यालय. दाखला नामंजूर होतो तो बहुतेक शेवटच्या दोन रकान्यांमुळे. यादीतून अंदाजाने काहीतरी निवडलेलं असतं. पीपीओची प्रत समोर ठेवून भरा. चेहरा टिपताना खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, चष्मा काढा. प्रमाण क्रमांकाचा एसएमएस आला म्हणजे दाखला तयार झाला. पुढे तो स्वीकारला गेला की नाही हे दोन-चार दिवसांनी त्याच संकेतस्थळावर बघा.

कर्मचारी संघटनेने एक टेबल मांडून दोन जण बसवले तर दिवसात चाळीस-पन्नास दाखले निघतात. स्नेहमेळाव्याच्या दिवशीच मांडा, निवृत्त मंडळी तशीही येतात.

---

गोदाकाठ

निवृत्तांना परिपत्रक पोचतं का पण? ती मंडळी विद्यापीठाच्या ईमेलवर नसतात.

---

जावक_क्रमांक

नाही पोचत. आणि फक्त निवृत्तच नाहीत. कंत्राटी सुरक्षा रक्षक, सफाई, उद्यान, उपाहारगृहातली माणसं, यांना ईमेल नाही, गटात नाव नाही, हजेरी एजन्सीच्या मस्टरवर. "सर्व अधिकारी व कर्मचारी" असं लिहिलं तरी ते त्यांच्यासाठी नाही असं ते धरून चालतात. परिपत्रकात "बाह्यस्रोत कर्मचाऱ्यांसह" हे दोन शब्द घाला आणि एक छापील प्रत मुख्य प्रवेशद्वाराच्या चौकीत, एक सफाई कर्मचाऱ्यांच्या खोलीत, एक गॅरेजला लावा. निवृत्तांसाठी संघटनेच्या यादीवरून फोन करणं हाच उपाय.

---

नवीन_रुजू

म्हणजे 150 चा आकडा चुकलाच की. आमच्याकडे तिन्ही पाळ्यांचे रक्षक, सफाईवाले मिळून अजून 35 निघतात.

---

कढई_आणि_झारा

मग 185 गुणिले 200 मिली, 37 लिटर तयार. कच्चं 46 लिटर. साखर 3 किलो 700 ग्रॅम, मसाला सव्वापट. आणि पातेलं एक पुरणार नाही. 60 च्या पातेल्यात 46 लिटर बसतं, पण ऊतू जायला जागा राहत नाही. दोन पातेली करा, 23-23 लिटर. दोन शेगड्या, आटायला वेळही कमी लागतो.

रात्रपाळीचे दहाला येतात, तेव्हा मैदान रिकामं असतं. वाटप सुरू व्हायच्या आधीच दहा लिटरच्या दोन थर्मास कॅनमध्ये त्यांचं काढून ठेवा, नंतर "उरलं तर देऊ" म्हटलं की उरत नाही. कॅन आधी उकळत्या पाण्याने धुवा, आदल्या चहाचा वास दुधाला लगेच लागतो. ग्लास मोजून सोबत द्या, प्रत्येक चौकीला चार जास्त.

---

म्हसरूळकर

मागच्या गेटच्या चौकीला पण. तिथे दिवा नाही आणि कोणी जात नाही, पण माणूस रात्रभर असतो.

---

नवीन_रुजू

लिहून घेतलं. मागचं गेट, दोन जण, सहा ग्लास.